गुडघ्याचं माप

"दाब," वैजनाथ गिटारखालून म्हणाला.

तो हॉलच्या फरशीवर उताणा पडला होता. उशाला दुमडलेलं पोतं, छातीवर टॉर्च, हातात स्क्रू आवळायची ॲलन की. तोंडापासून वीतभर वर सळयांचं आणि स्प्रिंगांचं जाळं होतं. त्या जाळ्यातली कोणती सळई कोणत्या तारेला ओढते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"दाब की रं."

"दाबलंय, आप्पा."

वैजनाथनं मान वळवली. तेजसचा डावा पाय पेडलवर होता. धुतलेला, पुसलेला, नखं कापलेली. पेडल हललं नव्हतं. सळई हलली नव्हती. वर तार ताणली गेली नव्हती. काही म्हणजे काहीही झालं नव्हतं, आणि वर स्टुलावर बसलेला त्याचा चौतिशीतला मुलगा सांगत होता, दाबलंय.

वैजनाथनं एक धड असलेला स्क्रू उगाच अर्धा फेरा सैल केला आणि परत आवळला.

"सळई अडकतीया," तो म्हणाला. "बघतो मी."

सळई अडकत नव्हती. त्यानंच तिला तेल दिलं होतं. मांजराचा पंजा पडला असता तरी ती सरकली असती.

"राहू द्या, आप्पा," वरून तेजस म्हणाला. "बाहेर या. कंबर धरेल तुमची."

हे धूड तेजसनं अमेरिकेहून आणलं होतं. कंपनीनं त्याला तिकडं पाठवलं. लोक तिकडून चॉकलेटं आणि मोबाइल आणतात. हा पठ्ठ्या दोन बॅगांत सुटे भाग भरून पेडल स्टील गिटार घेऊन आला. वैजनाथला वाटलं होतं, गिटार म्हणजे गळ्यात अडकवायची ती. ही तर टेबलासारखी चार पायांवर आडवी. वर दहा तारा. डाव्या हातात लोखंडाचा एक गुळगुळीत दांडा धरून तो तारांवरून सरकवायचा, उजव्या हातानं तारा छेडायच्या. खाली डाव्या पायाला तीन पेडल, उजव्याला आवाज कमीजास्त करायचं एक, आणि दोन्ही गुडघ्यांनी डावीउजवीकडं ढकलायचे चार लिव्हर. पेडल दाबलं की सळई तार ओढते आणि वाजत असलेला सूर वाजता वाजताच वर चढतो.

तो सूर वैजनाथला कधी आवडला नाही. चांगली हसत-बोलत बसलेली बाई मध्येच रडायला लागावी तसं हे वाद्य वाजतं, असं त्याचं मत होतं आणि ते त्यानं कुणापासून लपवलं नव्हतं.

"रडकं हाय तुझं वाद्य," तो म्हणायचा.

"तुम्ही वरून ऐकू नका. खालून बघा," तेजस म्हणायचा.

खालून मात्र ते त्याला पहिल्याच दिवशी आवडलं. उभी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस तो. सगळी जोडणी त्यानंच केली. गाव महापालिकेत गेलं, शेत गेलं, पोरगं इंजिनीअर होऊन त्याला न समजणाऱ्या भाषेत फोनवर बोलायला लागलं. एवढ्या वर्षांत बापलेकांचं पहिल्यांदाच एका वस्तूवर जमलं. एक वर, एक खाली.

मग ते चपलेचं सुरू झालं. चालताना तेजसच्या डाव्या पायातली चप्पल निघून मागं राहायची आणि त्याला पत्ता नसायचा. घरातले हसले. इंदुबाईनं, वैजनाथच्या बायकोनं, मागून पट्टा असलेले सँडल आणून दिले. पुढं हसणं बंद झालं. डॉक्टर बराच वेळ इंग्रजीत बोलले. मराठीत त्याचा अर्थ एवढाच होता की नसांनी स्नायूंशी बोलणं टाकलंय, आणि त्यांची समजूत घालणारं औषध अजून कुणी काढलेलं नाही.

मग भावकी आली. चुलतभाऊ हिंमतराव, जमीन विकून चार मजले चढलेला, सोफ्यावर मांडी घालून म्हणाला, "नजर हाय कुणाची तरी. मुळशीकडं एक जण हाय माझ्या वळखीचा, पाला बांधतो. लकव्याची माणसं उठून पळाली."

"लकवा न्हाय हा."

"आरं, नाव कायबी असंल."

"तुलाबी कायबी नाव देता यील मला," वैजनाथ म्हणाला. "पोरासमोर बसलोय म्हणून देत न्हाय."

हिंमतराव अर्धा चहा टाकून गेला. भावकीनं त्यानंतर पाला सुचवला तो फोनवर.

वैजनाथला एकच गोष्ट करता येत होती आणि ती तो करत होता. डाव्या पायाचा जोर ओसरला तसं त्यानं पहिल्या पेडलचं काम डाव्या गुडघ्याच्या लिव्हरला जोडून दिलं. तेजस गुडघ्यानं वाजवत राहिला. मग डावा गुडघा ढिला पडला. वैजनाथनं तेच काम उजव्या गुडघ्याला दिलं. स्प्रिंगा हलक्या केल्या, लिव्हरची दांडी लांबवली, म्हणजे जोर कमी लागावा. आजार एक पाऊल टाकायचा, हा खाली आडवा होऊन एक जोड बदलायचा. आता डाव्या पायाला एकच हलकं पेडल उरलं होतं, आणि तेही आज हललं नव्हतं. या शर्यतीत कोण पुढं जाणार हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही दर रविवारी तो पोतं दुमडून आडवा व्हायचा.

त्या दिवशी गिटारखालून बाहेर येऊन हात पुसता पुसता तो म्हणाला, "तेजा, पायाचं कामच काढून टाकू."

"म्हणजे?"

"तूच दावलं हुतंस एकदा. तारा अशा लावायच्या की पेडल लागतच न्हाय. सा, प, सा. नुसत्या हातानं वाजतं. अभंग वाजवला हुतास बघ."

"ओपन ट्यूनिंग."

"तेच. हात हायेत की अजून."

तेजसनं आपल्या हातांकडं पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये माणसाला मांसाचा उंचवटा असतो. तिथं खड्डा पडला होता. वैजनाथनं तो आधीच पाहिला होता. दोघांनीही त्याचं नाव काढलं नव्हतं.

"नको," तेजस म्हणाला. "मी विचार केलाय. ई नाइनच ठेवू. मूळचं ट्यूनिंग. तीनही पेडल डाव्या पायाला, चारही लिव्हर जिथल्या तिथं. तुम्ही आतापर्यंत जे बदललंत ते सगळं परत पहिल्यासारखं."

"परत?"

"सगळं. स्प्रिंगांसकट. आणि पाय कापायचे."

वैजनाथनं त्याच्या पायांकडं पाहिलं.

"गिटारचे हो," तेजस म्हणाला. "चारही. सात सेंटीमीटर. पेडलच्या सळया त्या हिशेबानं आखूड. लिव्हर दोन्हीकडून थोडे आत घ्यायचे."

शेफाली, तेजसची बायको, वाटीत कालवलेला मऊ भात घेऊन आली होती. ती नारायण पेठेतली. शब्द मोजून वापरायची आणि मोजलेले नेमके टोचायचे.

"कापा म्हणतोय तर कापा, आप्पा," ती म्हणाली. "या घरात एकाचा तरी हट्ट दुसऱ्यानं ऐकलेला बघायचाय मला."

"कशापायी पण? सात सेंटीमीटर?"

तेजस सांगणार होता. पण शेफालीनं घास पुढं केला, आणि घास व बोलणं ही दोन कामं त्याला आता एकदम करता येत नव्हती. तो चावत राहिला. गिळताना त्यानं डोळे मिटून घेतले. वैजनाथ तेवढं बघून खाली गाळ्यात निघून गेला.

गाळ्यात लेथ होतं, ड्रिल होतं, भिंतीला ओळीनं लावलेल्या कानशी होत्या. तिथं बसून त्यानं पोराच्या बोलण्याचा अर्थ लावला. तीन पेडल. चार लिव्हर. डाव्या पायात जीव नाही आणि मागतोय सगळं. म्हणजे पोरगं भिडलं. इतके दिवस बाप एकेक खोली सोडत मागं सरत होता आणि पोरानं आज दार लावून घेतलं होतं, इथून पुढं सरायचं नाही म्हणून. वैजनाथनं उगाचच लेथ पुसून घेतलं.

माप मात्र चुकलं होतं. तेजस घराण्यातला सगळ्यात उंच. सात सेंटीमीटर कापले तर त्याचे गुडघे लाकडावर आपटतील, मांडीही आत जायची नाही. आजारात माणसाला वाटत असेल आपण आक्रसलो, त्याला काय करणार? आणि पाइप एकदा कापला की कापला.

दुपारी तेजस झोपला असताना वैजनाथ टेप घेऊन वर गेला. टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. पायाची नळी हाताला लागली तेव्हा त्यानं हात लगेच काढून घेतला. पण माप घेतलं.

टूलरूममध्ये साहेब चुकीचं ड्रॉइंग पाठवतात. नवा पोऱ्या असेल तर केबिनमध्ये जाऊन वाद घालतो. मुरलेला फिटर वाद घालत नाही. तो काम बरोबर करून ठेवतो आणि साहेबाला वाटू देतो की साहेबानं असंच सांगितलं होतं. वैजनाथनं आयुष्यभर हेच केलं होतं आणि त्याच्या हातचा एकही भाग परत आला नव्हता. त्यानं गिटारचे पाय कापले नाहीत. लिव्हर नवे बनवले, तेजसच्या गुडघ्याच्या मापानं. जुन्यांवर त्याच्या इतक्या खटपटी झाल्या होत्या की ते परत वापरायची त्याला लाज वाटली. नव्या दांड्या घासल्या, त्या फिरतात तिथं नव्या बुशा बसवल्या. घासताना आरशासारखं चमकवायची काही गरज नव्हती, तरी चमकवलं.

"पोरगं भिडलंय," त्यानं इंदुबाईला सांगितलं.

ती कणीक मळत होती. तिनं हात थांबवला नाही. "भिडूंदे," ती म्हणाली. "तुमी वाईच लौकर करा."

दिवाळी त्याच कामात गेली. तेजस वरून विचारायचा, "आप्पा, झालं का?" मग खाली निरोप पाठवायचा, "झालं का?" वैजनाथ म्हणायचा, "घाई कसली? काम धड हू दे." एकदा ड्रिल बंद करून तो भोक तपासत होता, तेव्हा वरच्या हॉलमध्ये जड काहीतरी फरशीवर पडलं आणि गडगडत गेलं. गिटार खाली गाळ्यात होती, पण तो लोखंडी दांडा तेजस वर ठेवून घ्यायचा. हातात धरून बसायचा, सवय जाऊ नये म्हणून. दांडा भिंतीला लागून थांबला. उचलायला कुणी उठल्याचा आवाज आला नाही. वैजनाथनं ड्रिल परत चालू केलं.

गिटार वर नेऊन मांडली तेव्हा तेजस चाकाच्या खुर्चीत आला होता. ती खुर्ची घरात आल्याला फार दिवस झाले नव्हते. ती कुठं ठेवायची हे अजून ठरत नव्हतं. वैजनाथनं पेडलची पट्टी जोडली, सळया अडकवल्या, एकेक लिव्हर हातानं ढकलून पाहिला. सगळं लोण्यासारखं.

"हां," तो म्हणाला. "ये. धरून बसवतो तुला."

"मी नाही," तेजस म्हणाला. "शेफाली, बस."

"हिला कशाला?"

शेफालीनं ओढणी कमरेला खोचली आणि गिटारमागं स्टुलावर बसली. बसताना ती थोडी अडखळली, कारण स्टूल तिला उंच होतं. डावा पाय तिनं पेडलवर नेला. चवडा कसाबसा टेकला, टाच अधांतरी राहिली. गुडघा लिव्हरच्या खालीच राहिला. तिनं तो डावीकडं हलवला, उजवीकडं हलवला, दोन्हीकडं हवाच होती.

"मला काय झोपाळ्यावर बसवलंय?" ती म्हणाली. मग तिनं वाकून खाली पाहिलं. "आप्पा, पाय कापले नाहीत?"

"माप चुकीचं सांगितलं हुतं त्यानं," वैजनाथ म्हणाला. "मी बराबर केलं. त्याच्या गुडघ्याचं घेतलं की मी, झोपला हुता तेव्हा."

शेफालीनं तेजसकडं पाहिलं.

"ते माझं माप नव्हतं, आप्पा," तेजस म्हणाला.

त्याचे शब्द आता जाड यायचे, जिभेवर काही ठेवल्यासारखे. त्यामुळं तो थोडेच बोलायचा.

"डॉक्टरांना विचारलं मी. सगळं जातं म्हणाले. पाय, हात, गिळणं. बोलणं पण. कान राहतात."

वैजनाथच्या हातात ॲलन की होती. ती त्यानं दुसऱ्या हातात घेतली.

"कान राहतात शेवटपर्यंत. म्हटलं, मग ऐकायला काहीतरी पाहिजे."

"मोबाइलवर असतं की," वैजनाथ म्हणाला. बोलल्यावर त्यालाच ते ऐकवलं नाही.

"ते दुसऱ्यांचं. मला हिचं ऐकायचंय. आणि सा-प-सा वालं अर्धवट नको. हेच. तुमचं ते रडकं. सगळ्या पेडलांचं."

"मी त्याला सांगितलंय," शेफाली म्हणाली. ती अजून स्टुलावरच होती, एक पाय अधांतरी. "शाळेत गाण्याच्या बाईंनी मला स्नेहसंमेलनात नुसते ओठ हलवायला सांगितले होते. माझं ऐकण्यापेक्षा कान गेलेले परवडतील."

तेजस हसला. हसताना त्याला ठसका लागला. तिनं उठून त्याची मान पुढं धरली, पाठीवरून हात फिरवला.

"हात होते तोवर दाखवणार होतो हिला," तो म्हणाला. "दांडा कसा धरायचा ते. सांगून कळत नाही ते."

तो तक्रार करत नव्हता. गाडी चुकली तर माणूस सांगतो तसं सांगत होता. पण वैजनाथला त्यातला 'होते' ऐकू आला. तेजसचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं किंचित मिटलेली, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. दिवाळीआधी त्या हातात दांडा राहत होता. आप्पा, झालं का, असं त्यानं वरून विचारलं तेव्हा राहत होता.

वैजनाथनं लिव्हरकडं पाहिलं. दांडी चमकत होती. बुश कुठं खेळत नव्हती, जोड कुठं करकरत नव्हता. कामात दोष नव्हता. दोष असता तर त्याला बरं वाटलं असतं. कानस घेऊन बसता आलं असतं.

"मला सांगायचं न्हाईस व्हय रं," तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"सांगणार होतो," तेजस म्हणाला. "तुम्ही इतके खुश होतात."

इंदुबाई आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. ती परत आत गेली.

"आता?" वैजनाथनं विचारलं.

"आता बोलून सांगीन. बोलता येतंय अजून. आज कापून होईल?"

"आज."

"सात."

"मी सोता मोजल्याबिगर कापत न्हाय," वैजनाथ म्हणाला, आणि खिशातून टेप काढली.

शेफाली परत स्टुलावर येऊन बसली, मग तिलाच सुचलं म्हणून उठली आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून तिच्यावर बसली. वैजनाथ तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. या घरात सासरा खोलीत शिरताना खाकरतो. सून त्याच्यासमोर पाय लांब करत नाही. पेठेतल्या पोरीला हे असलं काही कुणी शिकवलेलं नव्हतं. तरी लग्न झाल्यापासून तिनं ते पाळलं होतं, कधी नाक मुरडून, पण पाळलं होतं. तो तिला नावानं हाक मारत नव्हता. काही सांगायचं तर इंदुबाईकडून सांगायचा.

त्यानं गुडघे टेकले. सांधे वाजले. तो खाली वाकला तशी शेफालीनं पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

"अहो आप्पा, तुम्ही नका. द्या इकडं, मी घेते माप."

"बसून सोताचं माप घेता येत न्हाय. पाय फुडं ठेव."

तिनं पाय हळूहळू पुढं आणले आणि फरशीवर ठेवले. वैजनाथनं टेपचं टोक तिच्या टाचेजवळ फरशीला लावलं आणि दुसरं टोक तिच्याकडं न बघता वर केलं. ते तिनं धरलं, गुडघ्यापर्यंत नेलं.

"आप्पा," खुर्चीतून तेजस म्हणाला. "टाच उचलली गेलीय तिची. माप चुकेल."

वैजनाथनं पाहिलं. उचलली होती, जेमतेम, कागद सरकेल एवढीच. वर तिचं पोट, खांदे, मान, सगळं अंग त्याच्यापासून लांब राहायला ताठलेलं होतं, म्हणून टाच उचलली गेली होती.

त्यानं हात पुढं केला. थांबला. मग तिचं पाऊल तळव्यात धरून फरशीला टेकवलं आणि माप वाचून होईपर्यंत तसंच दाबून धरलं.